जुनी स्की आणि जुना स्नोबोर्ड विकत घेण्यापूर्वी कसे पारखावे

ऑक्टोबर-नोव्हेंबर आला, की म्युनिक शहरात आणि त्याच्या दक्षिणेला आल्प्सच्या पायथ्याशी असलेल्या गावांत स्थानिक स्की-क्लब एखाद्या शाळेच्या व्यायामशाळेत किंवा गावच्या सभागृहात जुन्या साहित्याची विक्री भरवतात. तिला तेथे ‘स्कीबाझार’ म्हणतात, आणि त्यातला बाझार म्हणजे फारसीतून तिकडेही पोहोचलेला आपलाच बाजार. भिंतीला टेकवून ठेवलेल्या जोड्यांच्या रांगा, प्रत्येक जोडीला बांधलेली किमतीची चिठ्ठी आणि नव्या जोडीच्या मानाने बरेच कमी दाम पाहिले, की येथे राहणाऱ्या मराठी कुटुंबांचा हात सहज पाकिटाकडे जातो. मुलांची उंची दर वर्षी वाढते, बर्फाचा हंगाम जेमतेम चार महिन्यांचा असतो आणि नवे साहित्य खरोखरच महाग असते. जुने घेण्यात गैर काहीच नाही, आणि मी स्वतः आजवर बहुतेक साहित्य जुनेच घेतले आहे. परंतु पहिली जोडी घेताना मी वरचा झळाळता रंग तेवढा पाहिला आणि स्की उलटी करून पाहिलीच नाही. कडक बर्फावर ती पहिल्याच दिवशी बाजूला घसरू लागली, आणि धार लावून घेण्यासाठी ती कार्यशाळेत नेली, तेव्हा धार लावण्याजोगे पोलादच तिच्या कडांवर उरलेले नाही, असे कारागिराने सांगितले. ते सगळे पैसे वाया गेले. तसे इतर कोणाचे होऊ नये, यासाठी पुढील माहिती सविस्तर लिहीत आहे.

एक भेद आधी ध्यानात ठेवावा, कारण पुढची सारी पारख त्याच्यावर उभी आहे. जुन्या स्कीतील काही दोष मेण, कानस आणि थोडेसे वितळवलेले प्लॅस्टिक यांनी नाहीसे होतात, तर काही दोष कशानेही नाहीसे होत नाहीत. वरच्या आवरणावरचे ओरखडे, उडालेला रंग, कडांवरचा हलका तांबूस गंज आणि कोरडा पडलेला तळ हे पहिल्या प्रकारात मोडतात. हे दोष डोळ्यांना सर्वांत आधी खुपतात, पण त्यांचा उपयोग किंमत कमी करून मागण्यापुरताच असतो. झिजून पातळ झालेली पोलादी कड, एकमेकांपासून सुटलेले थर, वाकून बसलेली स्की, सैल पडलेले स्क्रू आणि कालबाह्य बाइंडिंग (म्हणजे बूट स्कीला धरून ठेवणारी यंत्रणा) हे दुसऱ्या प्रकारातले दोष होत. ते शोधावे लागतात, आणि त्यांतला एकही ठळकपणे सापडला तर जोडी कितीही स्वस्त असली तरी ती परत भिंतीला टेकवून ठेवावी.

सोबत फार काही न्यावे लागत नाही. पंधरा सेंटीमीटरची पोलादी पट्टी, छोटी विजेरी, कोरडे फडके, थोडा कापूस आणि पोझीड्राइव्ह तीन क्रमांकाचा स्क्रू-ड्रायव्हर एवढे पुरते. हा क्रमांक मुद्दाम सांगण्याचे कारण असे, की स्कीच्या बाइंडिंगचे स्क्रू बहुधा याच खाचेचे असतात आणि घरातला साधा चौफुली स्क्रू-ड्रायव्हर त्यांत नीट बसत नाही. तो घसरला की खाच खराब होते आणि नुकसान विक्रेत्याचे होते. स्वतःचे बूट असतील तर ते मात्र अवश्य न्यावेत.

तळापासून सुरुवात

स्की म्हणजे एक सलग फळी नव्हे. मध्ये लाकडाचा, काही स्वस्त प्रकारांत फोमचा गाभा असतो, त्याच्या वर-खाली काचतंतूंचे थर असतात, काही स्कींत टायटॅनल नावाच्या ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे पातळ पत्रेही घातलेले असतात, आणि सर्वांत खाली पॉलिथिलीनचा तळ व त्याच्या दोन्ही अंगांना बसवलेल्या पोलादी कडा असतात. हे सारे इपॉक्सीने उष्णता व दाब देऊन एकजीव केलेले असते. ही रचना डोळ्यांपुढे असली, की प्रत्येक खूण काय सांगते ते आपोआप उमगू लागते.

स्की उलटी करून खिडकीच्या किंवा दिव्याच्या उजेडात तिरपी धरावी आणि टोकापासून शेपटीपर्यंत नजर फिरवावी. तळ काळा असून कडांच्या लगत पांढुरका, करडा आणि किंचित केसाळ दिसत असेल, तर त्याला बरेच दिवस मेण मिळालेले नाही एवढाच त्याचा अर्थ. कार्यशाळेत दगडी चक्रावर हलकेच घासून गरम मेण दिले, की असा तळ बहुधा पुन्हा चांगला होतो. उथळ, केसाएवढ्या रेघा प्रत्येक जुन्या स्कीवर असतातच. नख आडवे फिरवले असता जी रेघ नखाला अडकते, तिच्याकडे लक्ष द्यावे. अशा खाचेच्या बुडाशी तळाचाच रंग दिसत असेल तर ती वितळवलेल्या पी-टेक्सने, म्हणजे तळाच्याच जातीच्या पॉलिथिलीनने, भरता येते. मात्र तेथे काचतंतूंची जाळी, लाकूड किंवा धातू दिसत असेल, तर जखम गाभ्यापर्यंत गेली आहे आणि तेथून पाणी आत शिरते. गोठताना पाण्याचे आकारमान सुमारे 9 टक्क्यांनी वाढते, म्हणून आत मुरलेले पाणी प्रत्येक थंड रात्री थरांना थोडे थोडे फाकवीत राहते. तळाच्या मधोमध असलेली अशी एखादी जखम कुशल कारागीर तेवढा तुकडा कापून व नवा बसवून बुजवू शकतो, पण कडेला लागून असलेली जखम टाळावी, कारण पोलादाला पी-टेक्स धरून राहत नाही आणि भरलेला भाग काही दिवसांतच गळून पडतो. पूर्वी केलेल्या दुरुस्त्या निराळ्या रंगाच्या ठिगळांसारख्या दिसतात. त्यांचे वावडे नसावे. ठिगळ आजूबाजूच्या तळाशी सपाट आहे ना, एवढे बोटाने तपासावे.

त्यानंतर पोलादी पट्टी तळावर आडवी, तिच्या अरुंद धारेवर उभी ठेवून मागून विजेरीचा उजेड टाकावा. पट्टीखालून उजेड कोठेच येत नसेल तर तळ सपाट आहे. मध्यभागी उजेड दिसत असेल तर तळ खोलगट होऊन कडा उंच राहिल्या आहेत, आणि अशी स्की वळताना अडकते. उजेड दोन्ही कडांशी दिसत असेल तर तळ फुगीर आहे, आणि अशी स्की कड धरत नाही. थोडाफार उंचसखलपणा दगडी चक्रावर जातो, पण त्यासाठी तळात पुरेशी जाडी शिल्लक हवी. म्हणून ही तपासणी टोकाजवळ, बाइंडिंगच्या खाली आणि शेपटीजवळ अशी तीन ठिकाणी करावी, आणि बाइंडिंगखालच्या निकालाला सर्वांत अधिक महत्त्व द्यावे.

कडा: येथे घाई करू नये

माझे पैसे बुडाले ते कडांमुळे, त्यामुळे या भागावर मी इतरांपेक्षा जास्त वेळ घालवतो. नव्या स्कीची कड ढोबळमानाने दोन मिलिमीटर जाड असते. प्रत्येक वेळी धार लावताना कानस तिच्यातला थोडा अंश घेऊन जाते, आणि भाड्याने देण्याच्या किंवा शर्यतीच्या सरावाच्या स्कींना वारंवार धार लावली जात असल्याने त्यांच्या कडा लवकर झिजतात. कडेची जाडी बाजूने पाहावी. टोक आणि शेपूट येथे कानस कमी लागते, तर पायाखालच्या भागात सर्वांत अधिक. म्हणून टोकाजवळची जाडी आणि बाइंडिंगखालची जाडी यांची तुलना केली, की स्कीचे आयुष्य किती खर्ची पडले आहे ते विक्रेत्याला एकही प्रश्न न विचारता समजते. पायाखाली एक मिलिमीटरपेक्षा कमी पोलाद उरले असेल, तर ती जोडी घेऊ नये.

धार तपासताना बोट कडेच्या लांबीच्या दिशेने कधीही फिरवू नये. चांगली धार त्वचा सहज कापते. नखाचा पृष्ठभाग कडेवर हलकेच आडवा ओढावा. नखाचा बारीक पांढरा भुगा निघाला तर धार आहे, नख नुसतेच सरकले तर ती बोथट आहे. बोथट असणे हा दोष नव्हे, ती धार कार्यशाळेत परत येते. त्यानंतर कापसाचा बोळा कडेवरून सावकाश ओढत न्यावा. जेथे कापसाचे तंतू अडकतात, तेथे दगडावर आपटून झालेला काटा, दंत किंवा तडा असतो. बारीक तडा गेलेली कड आपल्या जागी घट्ट आणि तळाशी सपाट असेल, तर त्या स्कीवर अजून बरेच दिवस काढता येतात. मात्र तड्यापाशी कड बाहेर आलेली, आत दबलेली किंवा तळापासून सुटून फट पडलेली असेल, तर पुढचा दगड ती कड उपटूनच काढतो.

गंजाविषयी लोक विनाकारण घाबरतात. ओल्या पिशवीत आठवडाभर पडून राहिलेल्या स्कीवरही नारिंगी छटा येते आणि ती रबरी खोडासारख्या घासदगडाने दोन मिनिटांत जाते. फडक्याने घासून पाहावे. तरीही काळसर खड्डे दिसत राहिले, तर गंज खोल गेला आहे आणि तो काढण्यासाठी पुष्कळ पोलाद घासून टाकावे लागेल.

थर सुटले आहेत का

गवंडी फरशी पोकळ आहे की भरीव, हे ठोकून ओळखतो, तसेच येथेही करता येते. बोटाच्या पेराने तळावर आणि वरच्या आवरणावर टोकापासून शेपटीपर्यंत टकटक करीत जावे. आवाज एकसारखा घट्ट यायला हवा, आणि तो मध्येच पोकळ, फुटका आला तर त्या जागी थर सुटल्याची शंका घ्यावी. मग बाजूने पाहावे. तळ, कड, बाजूची पट्टी आणि वरचे आवरण यांच्या सांध्यांत नख कोठे शिरते का, ते तपासावे. स्की शेपटीवर उभी ठेवण्याची सवय असल्याने शेपटीचे थर सर्वांत आधी उकलतात; त्याखालोखाल टोकाचे. टोक दोन्ही अंगठ्यांनी दाबावे, किंचित वाकवावे, आणि सांध्यातली रेघ उघडते-मिटते का ते पाहावे. रेघेतून पाण्याचा थेंब बाहेर आला, तर पुढे काही तपासण्याचे कारण उरत नाही.

शेपटीची एखाद-दुसऱ्या सेंटीमीटरची उकल इपॉक्सी भरून व शिकंजात घट्ट आवळून चिकटवता येते, आणि कोणी तसे नीट केले असेल तर सांध्याबाहेर ओघळून सुकलेल्या गोंदाचे मणी दिसतात. बाइंडिंगच्या आसपास थर सुटले असतील तर मात्र तडजोड करू नये, कारण सगळा भार तेथूनच कडेकडे जातो. वरच्या आवरणाचे कडेला उडालेले टवके आणि खरोखर सुटलेले थर यांत गल्लत होऊ देऊ नये. एका स्कीची कड दुसरीच्या पाठीवर आदळत असल्याने टवके उडणे अटळ असते, आणि त्यांचा स्कीच्या वागण्यावर काही परिणाम होत नाही.

कमान आणि सरळपणा

दोन्ही स्कींचे तळ एकमेकांना लावून त्या सैल धराव्यात. पारंपरिक घडणीच्या स्की टोकाजवळ आणि शेपटीजवळ एकमेकींना टेकतात आणि मध्ये फट राहते. ही फट म्हणजे स्कीची कमान, आणि स्कीतला जिवंतपणा तिच्यातच असतो. मधोमध हाताने दाबून फट मिटवून पाहावी. दाबताना प्रतिकार जाणवला पाहिजे आणि सोडल्यावर फट तत्काळ पूर्ववत झाली पाहिजे. फट अजिबातच नसेल तर लगेच निष्कर्ष काढू नये, कारण अनेक नव्या स्कींची टोके मुद्दाम आधीपासूनच वर उचललेली असतात आणि काही तर मध्येही सपाटच बनवतात. त्या नमुन्याची मूळ घडण कंपनीच्या माहितीपत्रकात मिळते. फोनवर शोधून जुळवून पाहावी.

आता स्की डोळ्यासमोर बंदुकीसारखी धरून शेपटीकडून टोकाकडे तिच्या लांबीवरून नजर न्यावी. पीळ असेल तर टोकाची आडवी रेघ शेपटीच्या रेघेशी समांतर राहत नाही. टायटॅनलचे पत्रे असलेली स्की जोरदार आपटून एकदा वाकली, की धातू तसाच राहतो. अशी खोड बहुधा बाइंडिंगच्या पुढच्या भागाच्या लगेच पुढे असते आणि वरच्या आवरणावर आडव्या सुरकुतीसारखी दिसते. ही सुरकुती सापडली तर जोडी सोडून द्यावी. दोन्ही स्कींवरचे अनुक्रमांक सारखे आहेत ना, तेही याच वेळी पाहावे. दोन मोडक्या जोड्यांतून एक उभी केल्याचे उदाहरण मी पाहिले आहे.

लांबी, मधली रुंदी आणि वळणाची त्रिज्या स्कीवरच छापलेली असते. 1990च्या दशकात मध्ये बारीक आणि टोकांना रुंद अशा घडणीच्या स्की रूढ झाल्या. त्यापूर्वीच्या जवळजवळ सरळ, दोन मीटर लांबीच्या जोड्या अजूनही बाजारात अगदी क्षुल्लक किमतीत दिसतात. त्या शिकण्यासाठी घेऊ नयेत, त्यांवर वळायला शिकणे फारच कष्टाचे आहे.

बाइंडिंग: पैशांचा नव्हे, हाडांचा प्रश्न

येथपर्यंत चूक झाली तर पैसे जातात. येथे चूक झाली तर नडगीचे हाड किंवा गुडघा जातो. पडताना पायावर ठरावीक मर्यादेपलीकडे पीळ किंवा ओढ आली, की बुटाला सोडून देणे हे बाइंडिंगचे काम. म्युनिकपासून जवळच असलेल्या गार्मिश-पार्टेनकिर्शेन येथे हानेस मार्कर यांनी 1950च्या दशकात आपोआप सुटणारी बाइंडिंग बनवायला सुरुवात केली, ती पायाची हाडे वाचवण्यासाठीच. हे काम स्प्रिंग, खटके आणि सरकपट्ट्या करतात, आणि त्या जुन्या झाल्या, गंजल्या किंवा धुळीने जाम झाल्या, की बाहेरून सुस्थितीत दिसणारे बाइंडिंग सुटायच्या वेळी सुटत नाही.

सर्वांत आधी पुढच्या आणि मागच्या भागावरचा, बाइंडिंग किती जोराला सुटेल ते दाखवणारा आकडा पाहावा. यास जर्मनीत ‘त्सेट-वेर्ट’ आणि इतरत्र डीआयएन म्हणतात. प्रौढांच्या सर्वसाधारण बाइंडिंगवर 3 ते 10 अशा स्वरूपाची मोजपट्टी असते, लहान मुलांच्या बाइंडिंगवर ती 0.75 पासून सुरू होते. वजन, उंची, वय, बुटाच्या तळव्याची लांबी आणि स्की करण्याची पद्धत (सावध की आक्रमक) यांवरून प्रत्येकाचा आकडा ठरतो, आणि तो मोजपट्टीच्या साधारण मध्यभागी यावा. हलक्या वजनाच्या नवशिक्याने केवळ स्वस्त मिळते म्हणून शर्यतपटूचे भारी बाइंडिंग घेणे धोक्याचे आहे. मुलासाठी घेताना तर हे पुन्हा पुन्हा तपासावे.

त्यानंतर हाताने हलवून पाहावे. मागचा भाग खाली-वर होताना खटका स्वच्छ वाजायला हवा. ब्रेकच्या, म्हणजे बूट सुटल्यावर स्कीला थांबवणाऱ्या, दोन्ही दांड्या दाबून सोडल्यावर जोराने पूर्ववत झाल्या पाहिजेत. पुढच्या भागाखाली, जेथे बुटाची टाच नव्हे तर पंजा टेकतो, तेथे एक गुळगुळीत किंवा सरकणारी पट्टी असते. बूट बाजूला सुटताना तो घर्षणाविना सरकावा हे तिचे काम, म्हणून ती फाटलेली, उखडलेली किंवा हरवलेली असेल तर ते बाइंडिंग बाद समजावे. प्लॅस्टिक पांढरट, भुसभुशीत झाले आहे का, त्यावर बारीक भेगा आहेत का, हेही विजेरीच्या उजेडात पाहावे. मग बाइंडिंग मुठीत धरून स्कीच्या दोन्ही बाजूंना नेटाने हलवावे. ते स्कीपासून कणभरही उचलले जात असेल, तर स्क्रूंनी गाभ्यातली पकड सोडली आहे.

बाइंडिंग सरकत्या रुळांवर बसवलेले आहे की थेट स्कीत छिद्रे पाडून, हा पुढचा प्रश्न. रुळांवरचे बाइंडिंग निरनिराळ्या मापांच्या बुटांना जुळवता येते. थेट बसवलेले बाइंडिंग जुन्या मालकाच्या बुटाच्या लांबीला बांधलेले असते आणि त्यात थोडीशीच सरकण्याची मुभा असते; बुटाची लांबी त्याच्या टाचेजवळ मिलिमीटरमध्ये कोरलेली असते, उदाहरणार्थ 305, आणि ती बाइंडिंगच्या पल्ल्यात बसत नसेल तर नवी छिद्रे पाडावी लागतात. आधीच्या छिद्रांपासून नवे छिद्र सुमारे एक सेंटीमीटर तरी दूर असावे लागते. म्हणून बुजवलेली छिद्रे मोजावीत: एकदा बाइंडिंग हलवलेले असेल तर हरकत नाही, परंतु तीन वेळा हलवलेल्या स्कीत नव्या स्क्रूंना धड लाकूड उरत नाही. ब्रेकची रुंदी स्कीच्या मधल्या रुंदीपेक्षा किंचित अधिक असावी. फार अधिक असल्यास वळताना दांडी बर्फाला लागते.

बुटाचा तळवाही जुळायला हवा. पारंपरिक सपाट तळव्याच्या बुटांचे मानक आयएसओ 5355, चालायला सोप्या असलेल्या ग्रिपवॉक तळव्यांचे आयएसओ 23223, आणि पर्वतभ्रमणाच्या बुटांचे आयएसओ 9523 असे आहे. जुनी बाइंडिंग बहुधा केवळ पहिल्या प्रकारासाठी बनलेली असतात. नवे ग्रिपवॉक बूट त्यांत जोर लावून बसतातही, पण म्हणून ते योग्य वेळी सुटतीलच असे नाही.

एवढे सारे पाहूनही बाइंडिंगवर डोळ्यांच्या भरवशावर विश्वास ठेवू नये. आयएसओ 11088 या मानकानुसार दुकानातील यंत्रावर, तुमच्या स्वतःच्या बुटासह, प्रत्यक्ष सुटण्याचा जोर मोजला जातो, आणि तो मोजल्यावरच जोडी बर्फावर न्यावी. फार जुन्या नमुन्यांना उत्पादकांनी पाठिंबा देणे थांबवलेले असते आणि अशी बाइंडिंग जुळवण्यास दुकानदार नकार देऊ शकतो. तो त्याचा हट्ट नसतो. सुटे भाग आणि विश्वासार्ह मापे हाताशी नसताना जबाबदारी घेणे त्याला शक्य नसते. माझ्यापुरता मी असा नियम ठेवला आहे, की सुमारे दहा वर्षांहून जुने बाइंडिंग घ्यायचे नाही, आणि घ्यायचेच असेल तर त्याची किंमत शून्य धरून केवळ स्कीचे पैसे द्यायचे.

जुन्या बुटांविषयी थोडक्यात सांगतो, कारण माझा सल्ला ते घेऊ नयेत असाच आहे. आतले अस्तर आधीच्या मालकाच्या पायाला बसलेले असते, आणि बाहेरचे प्लॅस्टिक हवेतल्या ओलाव्याने वर्षानुवर्षे आतून कमकुवत होत जाते, मग ते माळ्यावर नुसते पडून का असेना. असे बूट थंडीत चालता चालता तुकडे होऊन फुटल्याची उदाहरणे आहेत. मुलांसाठी घ्यावेच लागले, तर प्लॅस्टिकवर साच्याने उमटवलेली घड्याळाच्या तबकडीसारखी खूण शोधावी. तिच्यातला बाण महिना आणि मधले आकडे वर्ष दाखवतात.

स्नोबोर्डची गोष्ट निराळी

स्नोबोर्डची बाइंडिंग पडताना सुटत नाहीत, दोन्ही पाय एकाच फळीला बांधलेले राहतात. त्यामुळे येथे यंत्रावरच्या मोजणीचा प्रश्न उद्भवत नाही, आणि सर्व बाजूंनी विचार करता जुना बोर्ड घेणे जुनी स्की घेण्यापेक्षा कमी जोखमीचे आहे. तळ, कडा आणि थर यांची तपासणी वर सांगितल्याप्रमाणेच करावी. तुलनेला दुसरी फळी नसल्याने बोर्ड सपाट फरशीवर ठेवून तो कोठे टेकतो आणि डुगडुगतो का ते पाहावे. टाचेकडची आणि बोटांकडची कड सारखी झिजत नाही, म्हणून दोन्ही स्वतंत्रपणे पाहाव्यात.

बोर्डचा कळीचा भाग म्हणजे बाइंडिंगचे स्क्रू ज्यांत बसतात त्या धातूच्या आटेदार खोबण्या. विक्रेत्याच्या परवानगीने बाइंडिंग काढून घ्यावीत. बाइंडिंगखाली झाकलेल्या जागीच आवरणाच्या भेगा लपलेल्या असतात. सहा मिलिमीटर व्यासाचा स्क्रू प्रत्येक खोबणीत हाताने फिरवून पाहावा. तो सहज आत जाऊन शेवटी घट्ट बसला पाहिजे. नुसताच फिरत राहिला तर आटे गेले आहेत. त्याच जागी तळाकडून फुगवटा आला असेल, तर कोणीतरी जास्त लांबीचा स्क्रू जोराने आवळलेला असतो. खोबण्यांची मांडणीही पाहावी, कारण चौकोनी मांडणी आणि बर्टन कंपनीच्या बोर्डांवरची सलग लांब खाच यांना निरनिराळ्या चकत्या किंवा निरनिराळी बाइंडिंग लागतात.

बोर्डचे एक टोक फरशीवर टेकवून, दुसरे हातात धरून मध्यभागी गुडघ्याने हलका दाब द्यावा. लवचीकपणा चांगलाच, पण करकर असा आवाज आला, किंवा पुढच्या बाइंडिंगच्या समोर आवरणावर आडवी भेग उघडली, तर गाभा मोडलेला आहे. बाइंडिंगचे पट्टे, दात झिजलेल्या खटकपट्ट्या यांसारखे सुटे भाग बदलता येतात, म्हणून त्यांच्यासाठी चांगला बोर्ड सोडू नये. पाठीमागच्या उभ्या पाठीला किंवा बैठकीला तडा असेल तर मात्र पूर्ण बाइंडिंग नवे घेण्याची तयारी ठेवावी. बोर्डची लांबी मुख्यत्वे वजनावरून आणि रुंदी बुटाच्या मापावरून ठरते. मोठ्या पायाच्या माणसाने अरुंद बोर्ड घेतला, तर वळताना बुटाची टोके बर्फात घासून तो आडवा होतो.

विक्रेता, किंमत आणि भाड्याचा माल

हंगाम संपताना भाड्याने देणारी दुकाने आपला ताफा विकायला काढतात. अशा जोड्यांवर क्रमांकाच्या चिकटपट्ट्या आणि पुष्कळ टवके असतात, पण त्यांची बाइंडिंग रुळांवरची असतात आणि त्यांना मेण वेळच्या वेळी मिळालेले असते. कडांची जाडी समाधानकारक असेल, तर मुलांसाठी मी अशा जोडीला प्राधान्य देईन.

संकेतस्थळावरून घेताना छायाचित्रांचा आग्रह धरावा: तिरप्या उजेडात संपूर्ण तळ, पायाखालची कड जवळून, शेपटीचा सांधा, बाइंडिंगवरची मोजपट्टी आणि दोन्ही अनुक्रमांक. केवळ वरच्या बाजूची सुंदर छायाचित्रे पाठवणारा आणि तळाचे मागितल्यावर गप्प बसणारा विक्रेता सोडून द्यावा. तळावर मेणाचा जाड थर नुसताच ओतून ठेवलेला असेल तर त्याखाली काय आहे ते दिसत नाही. साठवणीसाठी तसे करण्याची रीत आहे हे खरे, तरी पाहण्यापुरते ते खरवडून देण्याची विनंती करावी.

किंमत ठरवताना धार, मेण, तळाची दुरुस्ती आणि बाइंडिंगची मोजणी यांचे जवळच्या कार्यशाळेतील दर आधीच विचारून ठेवावेत आणि ती रक्कम चिठ्ठीवरच्या आकड्यात मिळवावी. बेरीज गतवर्षीच्या न विकल्या गेलेल्या नव्या जोडीच्या सवलतीच्या दराजवळ पोहोचत असेल, तर नवीच घ्यावी.

सुटीत गुलमर्गला नेण्यासाठी येथूनच जुनी जोडी घेऊन जाण्याचा विचार करणाऱ्यांसाठी एक सूचना. गुलमर्गची गोंडोला (तारेवरची पाळणागाडी) अफरवट पर्वताच्या कुशीत जवळजवळ 4,000 मीटर उंचीवर नेते, आणि तेथे उतरायचे ते बहुतांशी न दाबलेल्या, खोल भुसभुशीत बर्फातून. बव्हेरियातल्या दाबून सपाट केलेल्या उतारांसाठी बनवलेली, मध्ये सत्तर-ऐंशी मिलिमीटर रुंदीची स्की तेथे बुडते. त्या उतारांना शंभर मिलिमीटर किंवा त्याहून रुंद स्की योग्य. गुलमर्ग येथील भारतीय स्कीइंग व पर्वतारोहण संस्थेत शिकायला जाणाऱ्यांनी काहीही विकत घेण्यापूर्वी अभ्यासक्रमात कोणते साहित्य मिळते, ते विचारून घ्यावे.

जोडी घरी आणली, की ती दोन-तीन दिवस उबदार खोलीत ठेवावी आणि मग सांधे पुन्हा एकदा तपासावेत. आत मुरलेले पाणी असेल तर शेपटीशी ओलावा दिसतो. कार्यशाळेत ती पहिला बर्फ पडण्याआधीच द्यावी, कारण त्यानंतर रांगा लागतात. देताना स्वतःचे दोन्ही बूट सोबत द्यावेत, वजन व उंची खरी सांगावी, स्की करण्याची पद्धत वाढवून सांगू नये, आणि यंत्रावरील मोजणीचा छापील कागद मागून घेऊन स्कीच्या पिशवीत ठेवावा. पुढच्या वर्षी मुलाची उंची, वजन किंवा बूट बदलला, की त्या कागदावरचे आकडे जुने झाले असे समजून बाइंडिंग पुन्हा मोजून घ्यावे.